चौथ्या भागातला श्वास

पडद्यावर दगडी जिना होता, जिन्याच्या तळाशी काळं काहीतरी पसरलं होतं, आणि ते काळं श्वास घेत होतं. कोरिनच्या हातातली चिप हातातच राहिली. भारी जमलंय, असं ती म्हणणार तेवढ्यात आजोबा खुर्चीतून उठले आणि रिमोट-बिमोट न शोधता त्यांनी सरळ भिंतीतली पिनच उपटली. पडदा मेला. शनिवारची दुपार. समोरच्या घरातली बाई कचऱ्याचा डबा खडखडत ओढत होती, आणि आजोबा पिन हातात धरून उभे, पुढे तिचं काय करायचं असतं ते विसरल्यासारखे.

"काय झालं? शॉक लागला?"

"नाही."

"मग? सकाळपासून डोकं खाल्लंस माझं, चौथा भाग, चौथा भाग. आता बघतेय तर..."

"ती आई आहे," आजोबा म्हणाले.

"कोण?"

"ते जिन्याखालचं. तो श्वास. माझी आई आहे ती."

कोरिनला आधी हसूच येणार होतं. पण ती हसली नाही, कारण तो आवाज तिच्याही ओळखीचा होता. कुणाचा ते तिला सांगता आलं नसतं. आत घेताना बारीक शिट्टी, मग मध्येच एक अडखळ, जसं कुणी दार अर्धं उघडून विचार करतंय, आणि मग बाहेर सोडताना ओल्या कपड्यासारखा फरफटत येणारा वारा. हा आवाज तिनं आतून ऐकलेला होता. जिन्यावरून धावत आलं की तिच्या स्वतःच्या बरगड्यांच्या आत तो असाच निघायचा, आणि ती दम्याचा पंप तोंडात धरून दाबेपर्यंत तसाच निघत राहायचा. त्याला बाहेरून ऐकलं की तो असा लागतो हे तिला आज पहिल्यांदा कळलं, आणि कळलं तेव्हा त्याला कुणीतरी दात आणि नखं चितारलेली होती.

'सातवी वेधशाळा' ही मालिका तिला आजोबांच्या तोंडून ऐकून तोंडपाठ होती, एक चित्र न बघता. सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात सहा शनिवार ती टीव्हीवर लागली, आणि नंतर त्या चॅनेलवाल्यांनी टेपा पुसून त्यांच्यावर दुसरंच काहीतरी घेतलं. पाच भागांची चित्रं पुढे कुठून कुठून सापडली, एक न्यूझीलंडहून आलं, एक कुणा मेलेल्या माणसाच्या गॅरेजात निघालं. चौथ्याचं चित्र जगात कुठेच नव्हतं. आवाज मात्र होता, कारण एन्टविसलांच्या पुढच्या खोलीत चौदा वर्षांचा क्लिफर्ड, म्हणजे हेच आजोबा, टीव्हीसमोर माइक टांगून बसलेला होता. असे येडे तेव्हा गावोगाव होते. चित्र धरून ठेवायची सोय कुणाकडे नव्हती, म्हणून पोरं नुसता आवाज धरून ठेवायची आणि मग आठवडाभर अंथरुणात डोळे मिटून तो ऐकायची, डोळ्यांच्या आत चित्रं लावत. कपडे वाळत घालायच्या घोडीला आईचा जुना पायमोजा बांधायचा, पायमोज्यात माइक, आणि पंचवीस मिनिटं घरात कुणी ब्र काढायचा नाही. हा नियम. आजोबा तो अजूनही सांगताना बोट वर करायचे. ते रीळ त्यांनी कुणाला ऐकू दिलं नाही कधी. दर जानेवारीत मोठे हेडफोन लावून एकटेच बसायचे, डोळे मिटून, आणि लहानपणी कोरिन त्यांची बाही ओढायची, मला पण, मला पण, तर ते डोळे न उघडता तिचा हात हलकेच सोडवायचे. तिला वाटायचं आत वेधशाळा आहे, विहीर आहे, विहिरीतून काहीतरी वर येतंय. आत भलतीच खोली होती, आणि खोलीत बाई बसलेली होती.

मागच्या वर्षी मालिकेची डिस्क काढणाऱ्या मंडळींचा फोन आला तेव्हा आजोबा तीन दिवस नाचायचे तेवढे बाकी होते. रीळ त्यांनी मांडीवर घेऊन ट्रेननं लंडनला नेलं, पोस्टावर भरवसा नाही म्हणाले. मंडळी आवाज धुणार होती आणि धुतलेल्या आवाजावर चित्रं काढणार होती, हलती. त्यासाठी त्यांना यादी पाहिजे होती, घरातले कुठले आवाज कुठल्या मिनिटाला आहेत त्याची, म्हणजे नेमके तेवढेच काढता येतात. ती यादी कोरिननंच कंप्युटरवर टाइप केली होती. शाळा सुटून महिना झाला होता तेव्हा, आणि दिवसभर करायचं काय हा प्रश्नच होता. आजोबा हेडफोन लावून सांगायचे आणि ती दोन बोटांनी बडवायची. दोन मिनिटं दहा सेकंद, बस. पाच एक्केचाळीस, पोपट. नऊ शून्य तीन, कोळसेवाला ओरडतो. अकरा वीस, शेजारी पलीकडून भिंत ठोकतात. एकोणचाळीस ओळी झाल्या. त्यात श्वास नव्हता.

"यादीत का नाही घातलास मग?" तिनं विचारलं.

"तो आवाज वाटलाच नाही मला," आजोबा म्हणाले. "घरातलाच होता तो. घड्याळाची टिकटिक ऐकू येते का तुला? तसं."

तिनं ते मानलं. तेवढ्यापुरतं. त्यांनी रिकाम्या पडद्याकडे तोंड करून सगळं सांगितलं. नाव अ‍ॅग्नेस. एकतीस वर्षं गिरणीत, कापूस पिंजायच्या खात्यात, जिथे हवेत कापूसच असायचा, इतका की समोरची बाई धुक्यात उभी असल्यासारखी दिसायची. छाती भरली ती तिथे. डॉक्टरनं लिहिलं ब्रॉंकायटिस, इथे ओल्डहॅममध्ये सगळ्यांनाच असतो म्हणाला. तिची खुर्ची शेकोटीजवळ, टीव्हीच्या बाजूलाच, कारण थंड हवा तिला सोसायची नाही. माइक तिथून हातभर.

संध्याकाळी कोरिननं इंटरनेट उघडलं. ज्यांनी आधीच मागवून ठेवली होती त्यांना डिस्क पोचली होती आणि ते त्यांच्या त्यांच्या पानावर बोलत होते. चौथ्याची चित्रं लाकडी आहेत, पहिल्याच प्रसंगात पाऊस चुकीच्या बाजूनं पडतो, असलं. आणि मग तो जिना. 'जिन्याखालचा श्वास ही या मालिकेतली सगळ्यात भयानक गोष्ट आहे.' 'माझ्या बायकोनं दिवा लावायला लावला.' 'सदुसष्टमध्ये हा आवाज काढला कशातून? भाता? की जनावर?' आणि खाली एक शहाणा, नावापुढे तीन आकडे लावलेला: 'माणसाच्या छातीतून असा आवाज निघणं शक्यच नाही.' ती ओळ तिनं चार वेळा वाचली. पळायची शर्यत होती शाळेची, मागच्या वर्षी ऑक्टोबरात, चिखलात. ती सगळ्यांच्या मागे राहिली होती आणि तिच्याही मागे दोघीतिघी मुद्दाम हळू चालत होत्या, तिच्या श्वासाच्या ठेक्यात, खीं-हं, खीं-हं, अगदी हुबेहूब, आणि हसत होत्या. काही वेळानं त्यांचा आवाज आणि तिचा आवाज वेगळा करता येईना. तिला वाटलं आपणच मागून येतोय. मग कपडे बदलायच्या खोलीत तिनं हॉकीची काठी घेतली आणि लोखंडी कपाटांची एक रांगच्या रांग ठोकून काढली, कुणाला लागलं नाही, पण पोरी किंचाळल्या, आणि हेडबाईंनी तिला समोर उभं करून सांगितलं की माफी माग. तिनं मागितली नाही. घरी आली ती परत गेलीच नाही. आई म्हणाली, काठी कशाला उचललीस बाई. त्या पोरींना कुणीच का काही म्हटलं नाही, असं कोरिनला विचारायचं होतं. तिनं विचारलं नाही. आता तिनं तीन आकडेवाल्याला उत्तर लिहिलं, मोठं, शिव्यांसकट, आणि मग अख्खं पुसून टाकलं. तिथे लिहिलं तर ते फक्त आणखी बोलणार होते. बोलण्याला तिची हरकत नव्हती, पण तोंडावर.

डिस्कच्या आत शूटिंगची जुनी कागदपत्रंही घातलेली होती, कुणी बघत नाही अशी, टाइप केलेली, चहाच्या डागांसकट. रविवारी ती नाश्ता सोडून ती पानं चाळत बसली. चौथ्या भागाचं पान सापडलं. 'जिना. रिकामा. शांतता.' एवढंच. खाली काही नाही, काळं नाही, भाता नाही. शांतता. तिनं खुर्ची मागे ढकलली तर ती पडलीच.

"शनिवारी मँचेस्टरला डिस्कच्या दुकानात कार्यक्रम आहे," ती आजोबांना म्हणाली. "ते चित्रंवाले येणारेत. आपण जायचं."

"कशाला? भांडायला?"

"हो."

"कोरिन, चांगली माणसं आहेत ती. त्यांनी डिस्कच्या डब्यावर माझं नाव दिलंय."

"तुझं दिलंय. तिला राक्षस केलंय."

आजोबांनी टोस्टला लोणी लावलं, मग तेच लोणी सुरीनं परत खरवडून काढलं. "मी त्यांना पत्र लिहीन," ते म्हणाले. त्यांचं पत्र कधी लिहून व्हायचं नाही ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

शनिवारी ती त्यांना घेऊनच गेली. बसच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेशी, खिडक्यांना आतून वाफ धरलेली. बंद गिरण्या एकामागून एक मागे जात होत्या, काहींची आता गोदामं झालेली, काहींत सोफे विकायला ठेवलेले. आजोबा चांगला कोट घालून आले होते आणि त्यांनी दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीवर कापलं होतं. त्रेपन्न वर्षांचा माणूस, पण आज शाळेत न्यायच्या पोरासारखा दिसत होता. फेल्सवर्थचा थांबा गेल्यावर ते आपणहून बोलायला लागले, खिडकीकडे बघत. पाचव्या आणि सहाव्या भागात आवाज किती स्वच्छ आला होता ते. पोपटावर फडकं टाकलं होतं. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. आणि आई मागच्या स्वयंपाकघरात बसली होती.

"मागे?" कोरिन म्हणाली. "तिथे शेकोटी होती?"

"नव्हती."

"जानेवारीत?"

"फेब्रुवारी लागला होता."

"मग मागे का बसली?"

आजोबांनी काचेवरची वाफ तळहातानं पुसली, जिथे पुसली होती तिथेच परत पुसली. कोरिन त्यांच्याकडे बघत राहिली. कुणाच्या तोंडावरचं खोटं तिच्यापासून कधी लपलेलं नव्हतं, शाळेत तर याचाच सगळ्यांना राग यायचा. चौथा भाग टेप झाला. त्या पोरानं अंथरुणात तो ऐकला. आणि पुढच्या शनिवारी आई स्वयंपाकघरात.

"तुला ऐकू आला होता," ती म्हणाली. "तेव्हाच. तूच तिला आत बसवलंस."

बस थांबली, दोन बायका चढल्या, बस निघाली.

"म्हटलं होतं मी तिला," आजोबा म्हणाले. "म्हटलं, आई, तू सगळा भाग नासवलास. ती म्हणाली, अरे, मी तर अवाक्षर बोलले नाही. खोकला पण दाबून धरला होता रे. आणि खरंच. एकही खोकला नाही त्या टेपवर. पंचवीस मिनिटं तिनं खोकला धरून ठेवला होता, म्हणून तर श्वास तेवढा वाजतोय. आवाज होऊ नये म्हणून जो आवाज होत होता ना, तो तो आहे." त्यांनी हात कोटाच्या खिशात घातले. "दोन वर्षांनी गेली. तिचा फोटो आहे, पण फोटोत ती दुसऱ्याच कुणासारखी दिसते."

"आणि यादी?"

"यादीत घातला असता तर धुऊन टाकला असता त्यांनी. चाळिसावी ओळ. मी म्हटलं, राहू दे. कुणाला कळणारे? डिस्क निघेल, हजारो घरांत जाईल, आणि ती आत बसलेली असेल गुपचूप. शेकोटीजवळ." त्यांनी हसल्यासारखं काहीतरी केलं. "मला काय माहीत ते तिला जिन्याखाली घालतील."

कोरिनला त्यांचा इतका राग आला की तिनं पुढच्या दांड्याला लाथ मारली, आणि खालून ड्रायव्हर ओरडला. राग पोराचा होता, चौदा वर्षांच्या, बोट वर करणाऱ्या. पण तो पोरगा हाताशी नव्हता, शेजारी कापलेल्या हनुवटीचा माणूस होता, आणि चाळीस वर्षं दर जानेवारीला हेडफोन लावून त्याच पंचवीस मिनिटांत परत जाऊन बसणं ही काय शिक्षा कमी होती का, असंही तिच्या डोक्यात आलं. तिला ते आलेलं आवडलं नाही. राग सरळ असला की बरं असतं. तरी एक गोष्ट पक्की झाली, बसमध्येच, त्या वाफाळलेल्या काचेसमोर: अ‍ॅग्नेस एन्टविसल आजच्या आज त्या जिन्याखालून बाहेर येणार. कशी ते ठरलं नव्हतं.

दुकानाच्या माडीवर पन्नासेक खुर्च्या मांडल्या होत्या आणि बहुतेक भरल्या होत्या. आजोबांच्याच वयाचे बाप्ये, कोट न काढता बसलेले, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या. पुढे पडदा आणि त्याच्याशेजारी ऑब्री, चित्रं ज्यानं करवून घेतली तो, उंच, वाकलेला, बोलताना हाताची बोटं एकमेकांत घालणारा. आजोबांना बघून तो उठून आला, दोन्ही हातांनी हात धरला, आणि सगळ्यांना म्हणाला, "हे क्लिफर्ड एन्टविसल. हे नसते तर चौथा भाग नसता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा लाल झाले. झालं, कोरिनला वाटलं, विरघळला. मग ऑब्रीनं अभिमानानं तोच तुकडा लावला. जिना. काळं. श्वास. पन्नास माणसं खुर्चीत जराशी मागे सरकली, आणि तिच्या पाठीवरून चिखलातल्या त्या पोरी गेल्या, ठेक्यात. ती उभी राहिली. हात-बित वर केला नाही.

"तो राक्षस नाहीये."

"सांगतो ना," ऑब्री हसून म्हणाला, "प्रश्नांची वेळ शेवटी..."

"प्रश्न नाहीये. सांगतेय. ती ह्यांची आई आहे. खोलीत बसली होती. तुमच्याच डिस्कमध्ये कागद आहे, त्यात लिहिलंय, जिना रिकामा, शांतता. वाचला नाहीत का?"

कुणीतरी मागून म्हणालं, "अरे देवा." पिशव्या खसखसल्या. ऑब्रीचा चेहरा हळूहळू बदलला, आणि तो बदलताना ती बघत होती, कारण तिला भांडायचं होतं आणि समोरचा भांडेना.

"वाचला होता," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं ऐन वेळी दिग्दर्शकानं वाढवलं असेल. यादीत नव्हता तो आवाज. यादीत जे नाही ते मालिकेतलं, असं धरतो आम्ही." तो आजोबांकडे वळला. "क्लिफर्ड, खरं आहे हे?"

आजोबांनी मान डोलावली. कोरिनला वाटलं आता ते सांगतील, विसरलो म्हणून. "मी मुद्दाम नाही घातला," आजोबा म्हणाले, एवढ्या लोकांसमोर, टोपी हातात फिरवत. "तुम्ही पुसला असता."

ऑब्री खुर्चीवर बसला. "मला फार वाईट वाटतंय," तो म्हणाला, आणि त्याला वाटतही होतं. "पण हे सरळ करता येतं. दुसरी खेप वसंतात निघणारे. अर्ध्या तासाचं काम आहे. श्वास काढून टाकू, जिना रिकामा ठेवू, कागदात आहे तसा. कुणाला कळणारही नाही की तिथे काही होतं."

हेच मागायला ती आली होती. हेच पाहिजे होतं ना. आणि ते इतक्या नम्रपणे समोर ठेवलं गेलं होतं. कुणाला कळणारही नाही. अ‍ॅग्नेस पुन्हा मागच्या स्वयंपाकघरात, दार लावून, या वेळी कायमची. आजोबा तिच्याकडे बघत होते. ते हो म्हणतील, हे तिला दिसलं. चांगल्या माणसांना ते नेहमी हो म्हणत.

"थांबा," ती म्हणाली. "तो तुकडा परत लावा. पण ते चित्र झाका."

"झाकू?"

"बंद करा. नुसता आवाज. तुम्ही सगळे असंच ऐकायचात ना लहानपणी? चित्र नसलेलं?"

पन्नास माणसांत कुणी हसलं नाही. ऑब्रीनं यंत्रावर हात ठेवला, पडदा काळा झाला, आणि श्वास सुरू झाला. कुणी सांगितलं नाही, पण पुढच्या रांगेतल्या एका टकलू माणसानं डोळे मिटले, मग त्याच्या शेजारच्यानं. हे त्यांना येत होतं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. शिट्टी, अडखळ, फरफट. चित्राशिवाय त्या आवाजाला नखं नव्हती. त्यात कुणीतरी बाई होती, थकलेली, काहीतरी घट्ट धरून ठेवणारी, आणि कोरिनला कळायच्या आत तिची स्वतःची छाती त्या ठेक्यात वरखाली व्हायला लागली. या वेळी तिनं ती थांबवली नाही. एक मिनिट बावन्न सेकंद. संपल्यावर टकलू माणूस डोळे न उघडता म्हणाला, "माझी आई पण गिरणीत होती. बोल्टनला." आणि मग उघडले.

"असंच ठेवा," कोरिन म्हणाली. तिचा आवाज चढला, तिनं चढू दिला. "श्वास काढायचा नाही. चित्र काढून टाकायचं. पडदा काळा, तेवढा वेळ. आणि नावं येतात ना शेवटी, त्यात तिचं नाव घालायचं."

"पोरी, लोकांना वाटेल डिस्क बिघडलीय," ऑब्री म्हणाला. "परत पाठवतील."

"आम्ही नाही पाठवणार," मागून एक जण म्हणाला.

"तू तर पहिल्या प्रसंगातल्या पावसासाठी पाठवणार होतास," दुसरा म्हणाला, आणि खोलीत पहिल्यांदा थोडं हसू झालं.

ऑब्रीनं एकमेकांत घातलेली बोटं सोडवली. मग त्यानं खिशातून वही काढली, पेनचं टोपण दातांनी ओढलं. "वरच्यांशी भांडावं लागेल मला," तो म्हणाला. "भांडतो. नाव सांगा."

"अ‍ॅग्नेस एन्टविसल," आजोबा म्हणाले.

त्यानं लिहिलं. मग पेन थांबलं. "नावापुढे काहीतरी लागतं आम्हाला. वेधशाळेचा प्रमुख अमुक, पोस्टमन तमुक. कोण म्हणून घालू?"

कोरिनच्या जिभेवर चार उत्तरं आली, चारही भांडखोर. पण आजोबा पुढे झाले होते, टोपी खुर्चीवर ठेवून, आणि त्यांनी वहीत वाकून बघितलं, जसं ते नीट लिहिलं जातंय की नाही ते त्यांनाच बघायचं होतं.

"प्रेक्षक," ते म्हणाले. "बघत बसली होती ती. तिला आवडायची वेधशाळा."